वाळीतून परत आलेला माझा भाऊ

भाऊ, काल तुझ्या तेराव्याला सगळं गाव जेवून गेलं. पाच पंगती उठल्या. चौथ्या पंगतीला कढी कमी पडली, तर वहिनीनं नुसतं शेजारच्या भिंतीवरून डोकावून पाहिलं आणि तीन घरांतून ताकाचे हंडे आले. मला सारखं वाटत होतं, आता तू ओट्यावरून ओरडशील, वाढप्यांना दटावशील. माणसांचा एवढा भुकेला तू, आणि एवढी माणसं तुझ्यासाठी जमली ती नेमकी तू नसताना.

मी दाराशी बसून एकेकाचं तोंड पाहत होते. ज्यांनी एके काळी तुला पाहून रस्ता बदलला होता, त्यातले दोन म्हातारे अजून आहेत. एकाला तर धड चालवत नाही, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आला. तुझ्या पोराला, शांतारामला पोटाशी धरून रडला, आणि भाऊ, ते रडणं खरं होतं. खोटं असतं तर मला बरं वाटलं असतं. चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

हा कागद मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. आपल्या आळीतली पाटी घेऊन शाळेत गेलेली पहिली मुलगी मी, आणि ते तुझ्यामुळे. बाबा नको म्हणत होते. तू म्हणाला होतास, "जाऊ द्या तिले. चार अक्षरे शिक द्वारके, मंग सासरथून माले भांडाना कागद धाडजो." भांडणाचे कागद मी तुला पुष्कळ धाडले. शेवटचं भांडण मात्र अर्धंच राहिलं, आणि ते तोंडी होतं.

सुरुवात एका निखाऱ्यावरून झाली. आपल्या शेजारच्या हिरकणबाईच्या तापीरामनं पोटजातीबाहेरची बायको केली, म्हणून पंचांनी त्या घराचं विस्तव-पाणी बंद केलं. तापीराम बायकोला घेऊन धुळ्याच्या गिरणीत निघून गेला. म्हातारी मागे राहिली. तेव्हा काड्यापेटी कोणी उगीच ओढत नसे. ज्याची चूल आधी पेटली त्याच्याकडून गोवरीवर विस्तव न्यायचा, हीच रीत. म्हातारी दोन सकाळी गोवरी घेऊन दारोदार फिरली आणि थंड गोवरी घेऊन परतली. तिसऱ्या सकाळी तू आपल्या चुलीतला निखारा चिमट्यानं उचलून तिच्या गोवरीवर ठेवलास. वहिनी नको नको म्हणत होती.

पंचांनी बोलावलं तेव्हा तू हसत गेलास. "म्हातारीले इस्तो दिधा. मी काय चोरी करी का?" असं त्यांनाच विचारलंस. तुला वाटलं, लोक हसतील, विषय मिटेल. लोक तुझ्या बोलण्याला नेहमी हसत. गावच्या प्रत्येक लग्नात वाढायला पुढे तू, नव्या जावयाला आग्रह करकरून रडकुंडीला आणणारा तू. त्या दिवशी कोणी हसलं नाही. संध्याकाळपर्यंत आपल्याही घराचं विस्तव-पाणी बंद झालं.

पहिले सहा महिने तू मजेत होतास, निदान दाखवत होतास. "बरं व्हयनं, लोकेसना लगीनमा राबानं वाचनं," असं वहिनीला म्हणायचास. पुढे लग्नसराई आली. घरोघर अक्षत देणारा आपल्या दारापाशी आला की झपझप पावलं टाकायचा, जणू तिथे घर नाहीच, पडकी जागा आहे. तू रोज ओट्यावर बसून त्याला जाताना पाहायचास. वहिनीनं आत बोलावलं तरी उठायचा नाहीस.

मी तेव्हा नदीपलीकडे सासरी होते. आमचंही घर त्याच जातीतलं, तेच पंच, म्हणून मला माहेरी यायला बंदी. त्या साडेतीन वर्षांत तुझं काय झालं ते मला वहिनीकडून कळलं, तेही फार उशिरा, तुकड्या-तुकड्यानं.

वहिनी म्हणाली, भडगावच्या बाजाराला तू एकही आठवडा चुकवेनास. घ्यायचं काही नसायचं. दहा ठिकाणी भाव विचारत फिरायचास. मिरच्यांचा, दोरखंडांचा, बांगड्यांचासुद्धा. भाव विचारला की दुकानदाराला बोलावंच लागतं, म्हणून. कासमभाई मण्यारानं ते ओळखलं. तो तुला दुकानात बसवून घ्यायचा आणि गिऱ्हाईक नसलं की एकेका बांगडीचा भाव तुला उगाच पुन्हा पुन्हा सांगायचा. बैलांशी तू आधीही बोलायचास, त्यात नवल नव्हतं. पण आता बैलांच्या वतीनं उत्तरंही तूच देऊ लागलास. वहिनी हे सांगताना हसली आणि मग पदर तोंडाला लावून बसली.

मग संशय शिरला. दोन माणसं पारावर बोलताना दिसली की ती तुझ्याबद्दलच बोलतायत. कोणी खाकरलं तर तुला पाहूनच खाकरलं. वहिनीला तू विचारायचास, "मन्हा अंगले वास येस का वं?" दिवसातून दोनदा, कधी तीनदा आंघोळ. तुला ठाऊक होतं की तू काही वाईट केलं नाहीस. तरी आतून कोणीतरी म्हणत राहायचं की बठ्ठं, सगळंच्या सगळं गाव खोटं आणि तू एकटा खरा, असं कसं होईल? शहाणा माणूस तू, आणि एक दिवस वहिनीला म्हणालास की आपल्याच हातून काही तरी झालं असेल, आपल्याला आठवत नाही एवढंच.

आणि हिरकणबाई. हे तू मला स्वतः सांगितलंस, एकदाच, गिरणा नदीच्या काठी कपाशीच्या बांधावर. म्हणालास, तिसऱ्या उन्हाळ्यात तुला तिचा राग येऊ लागला. ती सकाळी गोवरी घेऊन यायची तेव्हा तिच्या पायांचा आवाज ऐकला की तू उठून आत जायचास. "एक दिन मी दार लाई लिधं, द्वारके. ती भायेर उभी व्हती. मी आतमा उभा व्हतू." मनात यायचं, ही मेली तर सुटेन. पुढच्याच पावसाळ्यात ती मेली. तिला न्यायला तू, कासमभाई आणि त्याचे दोन भाऊ. गावातलं कोणी आलं नाही. घरी येऊन तू वहिनीला म्हणालास, मी मारली. तापानं मेलेली बाई, भाऊ! पण तू ते शेवटपर्यंत मानलं नाहीस.

ती गेल्यावरही बंदी उठली नाहीच. तुझी इंदू लग्नाची झाली, तिला कोणी पाहायला येईना. तेव्हा मी तुला कागद लिहिला. तुझ्यामुळे शिकलेल्या अक्षरांनी लिहिलं, माफी माग, भाऊ. पोरीकडे पाहा. पंच सांगतील ते कर. गाव करी ते राव न करी, असंही वर लिहिलं. मला तेव्हा वाटलं होतं, मी फार शहाणपणाचं काही लिहितेय.

तू केलंस. स्वतःचं पायताण डोक्यावर घेऊन देवळापुढे उभा राहिलास आणि 'चुकलो' म्हणालास. मग जातीला जेवण. त्या जेवणाला मी होते, बंदी उठल्यावर पहिल्यांदाच माहेरी आलेली. पंगत बसली. पानं वाढून झाली. कोणी हात लावीना, कारण मुख्य पंचानं घास घेतल्याशिवाय कोणी घ्यायचा नसतो. तो मुद्दाम थांबला होता. तू वरणाची बादली घेऊन मधोमध उभा होतास आणि बादलीची कडी वाजत होती. त्यानं घास घेतला, लोक जेवायला लागले, आणि तू इतका लाचार हसलास की मी आत निघून गेले. त्या दिवशी तू सगळ्यांच्या शेवटी, एकटा जेवलास.

सगळे म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं. इंदूचं लग्न पहूरकडच्या चांगल्या घरात झालं. मीही सुटकेचा श्वास टाकला. माझी चूक तीच. मला वाटलं, बाहेर काढलेला माणूस आत घेतला की तो पुन्हा पहिल्यासारखा होतो.

तू पंगतीला सगळ्यांच्या आधी येऊ लागलास. आमंत्रण दोनदा आलं तरी शांतारामला पाठवून खात्री करायचास की आपलंच नाव घेतलं ना. कोणी विनोद केला तर हसण्याआधी पंचांकडे पाहायचास, ते हसतायत का. दोघं भांडले तर दोघांना हो. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. तू तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागलास. मला पत्रात विचारायचास, तुझ्या सासरचे लोक माझ्याबद्दल काही बोलतात का? आम्ही धुळ्याला बिऱ्हाड केलं, यांना शाळेत मास्तरकी लागली, मुलं मोठी झाली, तरी तुझ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी तो प्रश्न असायचाच. मी लिहायचे, छान बोलतात. तुझा विश्वास बसायचा नाही.

आणि मग गावानं तुला पंच केलं. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! यांनी धुळ्यात पेढे वाटले. ज्याचं जळतं त्याला कळतं, आता माझ्या भावासमोर कोणाचं घर बंद होणार नाही, असं मी शेजारणींना छातीठोकपणे सांगितलं.

गेल्या दिवाळीच्या आधी नदीकडच्या दगडूचं घर बंद झालं. त्याची लेक नवऱ्याचा मार खाऊन तिसऱ्यांदा माहेरी पळून आली, आणि पंचांनी परत पाठव म्हटल्यावर दगडूनं पाठवली नाही. एवढाच गुन्हा. मला धुळ्यात कळलं तेव्हा मी म्हटलं, माझा भाऊ विरोधात गेला असेल, बाकीच्यांनी ऐकलं नसेल. भाऊबीजेला आले तर वहिनी खाली मान घालून म्हणाली, पहिला शब्द त्यांचाच होता.

तू पाटावर बसलेला. मी ओवाळलं. ताट वाढलेलं. आणि मी बोलले.

"भाऊ, तुले माहीत शे ना वाळीत ऱ्हानं काय ऱ्हास?"

"माले माहीत शे म्हनीसनच," तू म्हणालास.

"म्हनीसनच काय?"

"मी त्याना बाजूतीन बोलनू अस्तू, ते बठ्ठा मन्हाकडे देखतेत. म्हनतेत, याले जुनी खोड शे. माले परत भायेर काढतेत." तुझा आवाज चिरका झाला होता. "तुन्हा काय जास? तू धुयाले शहरमा ऱ्हास. तू भायेर उभी नही ऱ्हायनी, द्वारके."

मी म्हटलं, "हिरकणबाईले इस्तो देनारा मन्हा भाऊ मरी गया." आणि ताटावरून उठले. पुरणपोळीचा एक घास मोडलेला तसाच ठेवून. वहिनी मागे धावली, शांताराम गाडीच्या दांडीला धरून उभा राहिला, मी ऐकलं नाही. तुला कशानं सर्वांत जास्त लागेल ते मला ठाऊक होतं, म्हणून मी तेच केलं. तुझ्या घरचं अन्न टाकलं.

हिवाळ्यात तू भरताच्या वांग्यांची टोपली धाडलीस. हिरवी, काटेरी देठांची, मला आवडतात तशी. आणणारा शेजारचाच एक जण होता. आपल्यात कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, लहान पोरालाही माहीत असतं. मूठभर गूळ, चार शेंगा, काहीतरी घालून द्यायचं. मी टोपली रिकामी परत दिली. निरोपही दिला नाही. यांनी पाहिलं आणि म्हणाले, "हे बरं केलं नाहीस." मी म्हटलं, तुम्ही मधे पडू नका. परवा वहिनीनं सांगितलं की तू ती टोपली हातात घेऊन आत पाहिलंस, मग उपडी केलीस, मग पुन्हा आत पाहिलंस. चैत्रात तीन दिवसांच्या तापानं गेलास. तार हातात पडून मी मोटारीनं पोचले तेव्हा घरात फक्त पणती होती.

तुला दुसऱ्यांदा वाळीत टाकायला पंच लागले नाहीत. पाच महिने मी एकटीनं ते केलं, आणि वर मनातल्या मनात दगडूची बाजू घेतल्याचं पुण्यही पदरात पाडून घेतलं.

पण मला जे सांगायचं आहे ते हेही नाही. तू त्या दिवशी म्हणालास, मी बाहेर उभी राहिले नाही. खरं आहे. मी तुला बाहेर उभं केलं होतं, आणि ते तुला कधी सांगितलं नाही.

तुझ्या बंदीचं दुसरं वर्ष. आखाजी, अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर. सगळ्यांचे भाऊ मूळ म्हणून, बहिणींना न्यायला आलेले, एकेक पोर माहेरी निघालेली. तू येशील असं कोणाला वाटलं नव्हतं. तू गिरणेच्या वाळूतून गाडी हाकत आलास. बैलांच्या शिंगांना नवे गोंडे. गावाबाहेर, विहिरीपाशीच तुला मामंजींनी थांबवलं. पाहुण्याला पाणीसुद्धा द्यायचं नाही, असं घरात बजावून ठेवलेलं. तू बाभळीखाली गाडी सोडून बसलास. तासाभरानं मी बायकांबरोबर पाण्याला आले. तू उठून उभा राहिलास आणि हाक मारलीस, "द्वारके!" मग पुन्हा, जरा मोठ्यानं.

माझ्या शेजारची नवी सून होती, तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "कोन शे वं तो?"

मी म्हटलं, "माले नही माहीत."

घागर भरली, पदर पुढे ओढला आणि गेले. तू दिवस कलेपर्यंत तिथे बसून होतास. संध्याकाळी मी गच्चीवरून पाहिलं तेव्हा तुझी गाडी वाळूत लहान लहान होत चालली होती.

बंदी उठल्यावर तू एकदाच विचारलंस, हसत, की त्या दिवशी ऐकू नाही आलं का? मी म्हटलं, नाही, विहिरीवरचा ऱ्हाट फार करकरत होता. तू म्हणालास, "हा, ऱ्हाटना आवाज मोठा ऱ्हास." आणि विषय बदललास. भाऊ, मला आत्ता वाटतं की तुला सगळं ऐकू आलं होतं. पंचांनी तोंड फिरवलं ते तू सोसलं असतंस. कदाचित गावही सोसलं असतंस. पाठच्या बहिणीनं चारचौघींत नाही म्हटलं, तेव्हा तुझ्यातलं जे मोडलं ते पायताण डोक्यावर घेऊन कसं सांधलं जाणार होतं? आणि मीच भाऊबीजेला तुला विचारत होते की तू असा कसा झालास. लाज वाटते रे. तुझ्यापुढे बोलताना कधी वाटली नाही, आता वाटते.

कालच्या पंगतीला दगडूचं घर नव्हतं. मी शांतारामला म्हटलं, बोलाव. तो कावराबावरा झाला. म्हणाला, "आत्या, आबासनाच शब्द शे. आबा जाईसन तेरा दिन नही व्हयनात, आनि मी त्यासना शब्द मोडू?" त्याच्या डोळ्यांत तीच भीती होती भाऊ, तुझी. त्यानं तर कधी काही सोसलंही नाही. नुसत्या तुला पाहून शिकला. मग मीही गप्प बसले. पाच पंगती होईपर्यंत गप्प बसले, आणि जेवलेसुद्धा.

आज सकाळी मोटारीला वेळ होता, तेव्हा एकटीच नदीकडच्या अंगाला गेले. दगडूची बायको यशोदा अंगण सारवत होती. मला पाहून तिचा हात थांबला. "माय, तुम्ही आठे काबरं उन्यात? कोनी देखं तर?" दाराआड तिची लेक उभी होती, कपाळावर जुनी खूण असलेली. तिनं आपल्या आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

मी म्हटलं, "माले पानी दे."

यशोदानं शेणाचे हात धुतले. मग तांब्या भरून आणला. हातात दिला नाही. उंबऱ्यावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकली. कोणी सांगितलं नव्हतं तिला मागे सरकायला. पाच-सहा महिन्यांत अंगवळणी पडलं होतं. मी तांब्या उचलला.

भाऊ, तुझ्यापाशी खोटं एकदा बोलून झालं आहे, म्हणून आता खरं सांगते. पाणी मी प्यायले. सगळं प्यायले. पण तोंडाला लावण्याआधी मान वळवून रस्त्याकडे पाहिलं, कोणी येतंय का. रस्ता रिकामा होता. कोणी असतं तर मी प्यायले असते की नाही, ते मला माहीत नाही. यशोदानं मला रस्त्याकडे पाहताना पाहिलं.